डेपोच्या उताराला आमच्या विहिरी

नाशिकच्या दक्षिणेला, वालदेवीच्या खोऱ्यात आमचं शिवार आहे. चढाला कचरा डेपो. उन्हाळ्यात खालच्या वस्तीवरच्या एका बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. गावात चर्चा भरपूर झाली, पण हातात कागद कुणाच्याच नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पाणी तपासून आणायचं काम माझ्याकडे आलं.

सगळे म्हणाले, वास येतो त्याच बोअरचं पाणी न्या. पण ते पाणी आधीपासूनच तसं होतं की डेपोमुळे झालं, हे एकट्या रिपोर्टवरून कळणार कसं? डेपोच्या पलीकडची, चढाची एक विहीर घेतल्याशिवाय खालच्या आकड्यांना अर्थच नाही. हे पटवून देण्यातच बराच वेळ गेला.

त्यात जमिनीखाली पाणी कुठून कुठे जातं, ते नुसत्या उतारावरून ठरत नाही. आपल्याकडे सगळा बेसॉल्ट. पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून वाट काढतं. शेजारच्या नानांनी विहिरीत वाकून दाखवलं, "ताई, हा झरा बघा. मावळतीकडून येतो. बाकीचे आटले तरी हा मे महिन्यातही चालू." मावळतीला डेपोच. मग आम्ही काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडून खोली मोजली आणि सर्व्हेचं काम करणाऱ्या एका मुलाकडून काठांची उंची काढून घेतली. निदान तीन विहिरींची पातळी कळली की प्रवाहाची दिशा सांगता येते. आमची दिशा नानांच्या झऱ्याशी जुळली, तेव्हा मला फार आनंद झाला.

नमुना घेताना घाई चालत नाही. बोअर आधी चालू ठेवून पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. शिसं, कॅडमियम अशा धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल लागतं, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून राहतात. पीएच मात्र जागेवरच मोजला.

डेपोच्या बाजूने येणारा नाला पावसाळ्यातच वाहतो. तो वालदेवीला मिळतो, वालदेवी दारणेला आणि दारणा गोदावरीला. म्हणून पाऊस लागल्यावर संगमाच्या वर आणि खाली असे वालदेवीचेही नमुने घेतले. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन संपतो त्या तपासणीची, बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नसतो. पाऊस अंगावर घेत ते करणं कठीण गेलं. सुदैवाने नदीच्या दोन नमुन्यांत मोठा फरक निघाला नाही.

विहिरींचे रिपोर्ट बारकाईने वाचावे लागले. नायट्रेट सगळीकडे लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर, चढाच्या विहिरीतसुद्धा. ते द्राक्षबागांच्या आणि भाजीपाल्याच्या खतांचं किंवा शोषखड्ड्यांचं असणार. डेपोच्या माथी मारता येत नाही. काहींना हे आवडलं नाही, पण सांगणं भाग होतं. क्लोराइड उताराच्या विहिरींत 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आतच, म्हणजे कागदावर 'योग्य'. तरी चढाच्या विहिरीपेक्षा ते स्पष्ट जास्त होतं. क्लोराइड मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतं, म्हणून कचऱ्यातलं पाणी झिरपत असेल तर ते लवकर दिसतं. अमोनिया फक्त वासाच्या बोअरमध्ये सापडला. एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, पण 'मर्यादेत आहे' म्हणून फाइल बंद करणंही मला मान्य नाही.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं होतं, आणि लँडफिल सुरू होण्याआधीच्या पाण्याच्या नोंदी जपून ठेवायलाही. त्या नोंदी आम्ही माहिती अधिकारात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागितल्या आहेत. वासाच्या बोअरचं पाणी पिणं वस्तीने थांबवलं. दिवाळीनंतर त्याच विहिरींचे नमुने पुन्हा जातील, चढाच्या विहिरीसकट. डेपो आणि वस्तीच्या मध्ये फक्त तपासणीसाठी एक बोअर घ्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडणार आहोत. त्यासाठी नाना बांधालगतची जागा द्यायला तयार आहेत.