कॅमेरा उतारावर, अपघात फाट्यावर

ब्लॅक स्पॉटची सरकारी व्याख्या साधी आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. अडचण ते ५०० मीटर शोधण्यात. जुन्या एफआयआरमध्ये घटनास्थळ म्हणजे 'अमुक ढाब्याच्या अलीकडे'. ढाब्याची पाटी बदलते, आम्ही साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं त्या जागेचं अंतर, हुडकत बसतो. आयरॅड या अपघातांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंदी होऊ लागल्यापासून जरा बरं आहे.

हा चौपदरी राज्यमार्ग, मर्यादा ८०. कॅमेरा होता सरळ उतारावर. चलानं भरपूर, अपघात जवळजवळ नाहीत. माणसं मरत होती ती पुढे गावाच्या फाट्यावर. ग्रामपंचायतीने ठराव केला, कॅमेरा इकडे आणा.

स्पीडगन घेऊन आम्ही झाडाआड गाडी लावली. जॅकेटं काढून ठेवायची. ती दिसली की ट्रकवाले समोरच्याला डिपर मारतात आणि सगळे एकदम शहाण्यासारखे चालवू लागतात. ट्रकमागे अडकलेली गाडी मोजायची नाही, मोकळी धावणारीच धरायची. मग शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा काढायचा. उतारावर तो मर्यादेच्या बराच वर गेला. फाट्यावर मर्यादेच्या आतच.

फाट्यावर दुभाजक फोडून वळायला कट केलेला होता. आत कण्हेर छातीएवढी माजलेली. मोटारसायकलचं पुढचं चाक रस्त्यात येईपर्यंत स्वाराला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला स्वार. तिथंच एका आजोबांनी विचारलं, "सायेब, फुडच्या कटावरनं वळून यायचं तर प्येट्रोल तुमी देनार का?" मी गप्प बसलो.

अहवालात लिहिलं: कट बंद करा, भुयारी मार्ग द्या, तोवर कण्हेर छाटा. बैठकीत भुयारी मार्गाला निधी नव्हता आणि कट बंद करायची हिंमत कोणातच नव्हती. कॅमेरा हलवणं सोपं. तो फाट्यावर आला, सरपंचांनी नारळ फोडला.

माझा सहकारी म्हणतो, गाड्या दबकतील तरी. त्याचं अगदीच चूक नाही. ८० ची गाडी ६० वर आली तर धडकेतली ऊर्जा चाळीस टक्क्यांहून जास्त घटते. पण कॅमेरा मर्यादा ओलांडणाऱ्यालाच टिपणार, आणि इथे ती ओलांडतंय कोण? म्हणून फाट्यापुरती मर्यादा ६० करण्याची अधिसूचना काढावी, असा प्रस्ताव पाठवला. फाइल शेरा मारून परत आली: 'सदर ठिकाणी कॅमेरा कार्यान्वित असताना वेगमर्यादा कमी करण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

खुलाशाचा मसुदा लिहून खोडतोय. कण्हेर अजून तशीच आहे.