पोयी संपली तो दिवस

पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून मी गेली नऊ वर्षं लोकांना पायी फिरवतोय. लोकांना वाटतं, आमचं काम इतिहास सांगायचं. खरं काम सावली, शौचालय आणि घड्याळ सांभाळायचं.

गेल्या डिसेंबरात पुण्याचे बाराजण होते. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याचा झरा दाखवला. त्यावरूनच वस्तीचं नाव पडलं. सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, उघडं मिळालं. तिथला क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे. माणसं तिथं आपोआप गप्प होतात.

बाहेर आलो आणि पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला.

पोदेर हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून आला हे सगळेच सांगतात. मी पाव हातात द्यायला लावतो. उंडा म्हणजे गोल, कडक कवचाचा पाव; त्याच्या पाठीवर टिचकी मारली की टक् वाजलं पाहिजे. काकण बांगडीसारखं, कडक. आणि पोयी चपटी, कोंड्यानं माखलेली. फाडली की आत पोकळी, त्यातून वाफ. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. तो आंबूस वास गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या दिवशी टोपलीतल्या होत्या नव्हत्या त्या चौदा पोयी मी घेतल्या. मंडळी एका पिवळ्या घराच्या पायरीवर बसून खाऊ लागली. एक मुलगी शिंपल्यांच्या तावदानाला टेकून फोटो काढून घेत होती. मागचं दार उघडलं. ऐंशीच्या घरातल्या आंटी, हातात कापडी पिशवी. उतरायला जागाच नव्हती. पायरीवरचे काका उठेपर्यंत त्या चौकट धरून उभ्या राहिल्या.

“दोन पोयो दी रे.”

पोदेरानं माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या हातातली पुढे केली. तिची कड मोडलेली होती. “नाका बाबा,” त्या म्हणाल्या. “तीस वर्सां जालीं, हो म्हज्या दारार येता.” त्यांनी दोन उंडे घेतले आणि दार लावून घेतलं. ते कडक कवच त्या वयात चावायचं कसं?

पाहुण्यांना कोकणी कळली नाही. तीस वर्षं हा माझ्या दारी येतो, हा अर्थ मीही त्यांना सांगितला नाही. १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, ते सांगायला लागलो. मला छळतंय ते हेच. त्यांना तिथंच उठवायला हवं होतं, आणि का उठवतोय तेही सांगायला हवं होतं.

आमच्या धंद्यात फोटोसाठी लोकांच्या दारातल्या कुंड्या सरकवणारे आहेत. ‘इथं फोटो काढू नका’ अशा पाट्या रहिवाशांनी लावल्यात, तर माणसं त्या पाटीखालीच उभी राहतात. मी स्वतःला त्यांच्यातला समजत नव्हतो.

आता आदल्या रात्री पोदेराला फोन करून वेगळ्या पोयी सांगून ठेवतो आणि ऑरेम खाडीच्या काठी, घरांपासून लांब खायला देतो. दारातला पोदेर बघायला मिळत नाही म्हणून पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत.

नाताळच्या आधी दोन पोयी घेऊन आंटींकडे गेलो. त्यांनी घेतल्या, पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. आत ये म्हणाल्या नाहीत.