हवा कुठून गळते आहे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या नसांच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. तेव्हा चर्चा झाली ती विहिरीच्या पाण्याची, टँकरची आणि व्हेंटिलेटरची. व्हेंटिलेटर सुटल्यावर या माणसांची वाचा परत आणण्याचं काम मात्र पुढे कित्येक महिने चाललं, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. वाचा परत आणण्याचं हे काम मी करते. त्यातल्या एका रुग्णाबद्दल, आणि मुख्यतः एका दिवसाबद्दल, इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण पन्नाशीतल्या बाई, घरून डबे देण्याचा व्यवसाय करणाऱ्या. त्यांना इथे काकू म्हणते. आधी जुलाब झाले, ते थांबल्यावर थोड्याच दिवसांत पायांतली ताकद गेली, मग हातांतली, मग चेहऱ्याची, आणि शेवटी गिळणं बंद झालं. अशा जुलाबांमागे अनेकदा असणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं मग नसांवरच उलटतात. काकूंना आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देणं, सुरू झालं (दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, असे ५ दिवस), तरी श्वासाचे स्नायू दमले आणि गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसवावी लागली.

या आजारात मेंदू शाबूत असतो. शब्द, आठवण, समज सगळं जागच्या जागी असतं. बिघडतो तो मेंदूकडून ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वासपटलापर्यंत जाणारा मार्ग. अशा अस्पष्ट बोलण्याला डिसार्थ्रिया म्हणतात. पक्षाघातानंतर शब्दच न आठवणं, म्हणजे अफेजिया, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. घरचे लोक दोन्हींची गल्लत करतात आणि रुग्णाशी मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागतात. काकूंच्या बाबतीत गल्लत याहून मोठी झाली होती. आयसीयूत त्यांना सांगितलं होतं, “हो असेल तर डोळे मिटा.” चेहऱ्याची नस (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी) दोन्ही बाजूंनी गेल्यामुळे त्यांना पापण्या मिटताच येत नव्हत्या. रात्री डोळ्यांवर पट्टी लावावी लागत होती. त्या उत्तर देत नाहीत, म्हणजे त्यांना कळत नाही, असा सगळ्यांचा समज झाला. बुबुळं हलवणाऱ्या नसा मात्र चांगल्या होत्या. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही, एवढं ठरवल्यावर सगळी उत्तरं अचूक आली.

पुढे अक्षरांचा तक्ता केला. बाराखडीचा तक्ता इथे उपयोगाचा नसतो, फार मोठा होतो. क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी, सहावी ओळ य ते ळ, आणि वर स्वरांची एक ओळ. मदतनीस आधी ओळीचा नंबर म्हणतो, रुग्ण वर पाहतो, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा सोडून द्यायच्या. “प ठ द ख त” एवढ्यावर “पाठ दुखते” समजायला कुणालाही वेळ लागत नाही.

व्हेंटिलेटर पूर्ण सुटला, ताप नव्हता, कफ पातळ होता, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी स्पीकिंग व्हॉल्व्हला परवानगी दिली. ही एकेरी झडप असते. श्वास नळीतून आत येतो आणि सोडताना झडप मिटते, त्यामुळे हवा वर स्वरतंतूंकडे जाते. डेव्हिड म्युअर नावाच्या अमेरिकन तरुणानं अशी झडप तयार केली. तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता.

झडप लावण्याआधीची तयारी चुकली तर ती जीवघेणी ठरते. नळीभोवती हवेनं फुगवलेला कफ असतो. (याला आणि छातीतल्या कफाला एकच शब्द असल्यामुळे वॉर्डात आम्ही याला ‘फुगा’च म्हणतो.) फुगा फुगलेला असताना झडप लावली, तर आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाटच उरत नाही. म्हणून फुग्याच्या बाहेरच्या टोकाला ठळक चिठ्ठी बांधायची: झडप लावण्याआधी फुगा पूर्ण रिकामा करा.

त्या दिवशी काकूंना पाठ ताठ ठेवून बसवलं. श्वासपटल कमजोर असताना आडवं ठेवलं की पोटाचा भार वर येतो आणि श्वास आणखी तोकडा होतो. तोंड आणि घसा सक्शननं, म्हणजे यंत्राच्या नळीनं लाळ-कफ ओढून, साफ केला. जीबीएसमध्ये सक्शन करताना नाडी एकदम मंदावू शकते, कारण हृदयाची गती सांभाळणाऱ्या नसाही आजारात सापडलेल्या असतात. म्हणून मॉनिटरवर नजर ठेवून, थोडं थोडंच सक्शन. मग १० मिलीच्या सिरिंजनं फुगा हळूहळू रिकामा केला. फुग्यावर साठलेली लाळ या वेळी खाली उतरते आणि खोकला येतो, तेव्हा नळीतून लगेच पुन्हा सक्शन. त्यानंतर हातमोजा घातलेलं बोट श्वास सोडताना नळीच्या तोंडावर क्षणभर ठेवलं आणि नाकाशी हात धरून पाहिलं. हवा येत होती. आदल्या आठवड्यात नळी ८ नंबरवरून ७ वर आणली होती, त्याचा हा फायदा. जाड नळी श्वासनलिका जवळजवळ भरून टाकते आणि तिच्या कडेनं हवेला वर जायला जागा राहत नाही.

झडप हलक्या हातानं पाव फेरा फिरवून बसवली. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काही बोलायला सांगायचं नाही, फक्त श्वास, नाडी, ऑक्सिजन आणि मानेचे स्नायू ओढले जातात का हे पाहायचं. झडप काढताना ‘फुस्स’ असा जोरात आवाज आला, तर हवा आत अडकत होती असं समजावं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पुन्हा लावू नये. तसं झालं नाही. पुन्हा लावली.

“काकू, आता श्वास सोडताना ‘आ’ म्हणा.”

आवाज आला. क्षीण, हवा मिसळलेला, तीन-साडेतीन सेकंद टिकणारा. निरोगी बाईचा ‘आ’ पंधरा सेकंदांच्या पुढे सहज जातो. पण स्वरतंतू जवळ येत होते, हे महत्त्वाचं.

मुलगा शेजारीच उभा होता. त्याला घरात बाबू म्हणतात. काकूंनी त्याच्याकडे पाहून हाक मारली, आणि ऐकू आलं, “मामू.” पुन्हा “मामू.” मुलाला वाटलं, आईला मामांना भेटायचंय. तो फोन लावायला बाहेर निघाला. दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, “डोक्यावर परिणाम झालाय वाटतं.” काकूंना ते ऐकू गेलं. चेहरा हलत नसल्यामुळे त्यांच्या मनातलं कुणाला दिसलं नाही, पण नाडी ११० वर गेली.

मुलाला थांबवलं. मी हातमोज्याच्या चिमटीत काकूंचं नाक दाबून धरलं आणि म्हटलं, “तीच हाक पुन्हा मारा.”

“बाबू.”

कारण सरळ आहे. ‘ब’ आणि ‘म’ दोन्ही ओठ मिटूनच निघतात. फरक टाळूच्या मागच्या मऊ पडद्याचा. ‘म’ म्हणताना तो खाली असतो आणि हवा नाकातून जाते, ‘ब’ म्हणताना तो वर उचलून नाकाची वाट बंद करतो. हा पडदा मुख्यतः दहाव्या नसेवर चालतो. ती कमजोर असली की ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’ होतो, आणि प, त, ट, स यांची हवा नाकातून फुसफुसत निघून जाते. नाक दाबलं की गळती बंद, आणि अक्षर जागेवर. हे मुलाला करून दाखवल्यावर ‘डोक्यावर परिणाम’ ही गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

नीट ऐकलं तर तो ‘बाबू’ थोडा ‘वावू’कडे झुकलेला होता. म्हणजे गळती दोन ठिकाणी होती. नाक बंद केल्यावरही दाब पुरेसा साठत नव्हता, कारण ओठांची मिठी सुटत होती. अंगठा आणि तर्जनीनं त्यांचे ओठ कडांनी जवळ आणले, तेव्हा ‘ब’ ठणठणीत आला. आमच्या कामाचा गाभा हाच आहे: बोलणं अस्पष्ट आहे एवढ्यावर थांबायचं नाही, हवा नेमकी कुठून गळते ते एकेक दार बंद करून शोधायचं.

श्वासाचं दारही तपासलं, पण दोन दिवसांनी. उंच काचेच्या ग्लासात पाणी भरून त्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली नळी अशी धरायची की खालचं टोक पाण्याखाली ५ सेंटिमीटर राहील. त्यातून सलग ५ सेकंद बुडबुडे काढता आले, तर बोलण्यापुरता श्वासाचा दाब आहे असं साधारण मानतात. नाक आणि ओठ आपल्या हातानं बंद करून ही चाचणी घ्यायची, नाहीतर दोष टाळूचा आणि नाव श्वासाचं होतं. आणि रुग्णानं श्वास आत घेऊन झाल्यावरच नळी ओठांना लावायची, कारण गिळता न येणाऱ्या माणसानं चुकून पाणी ओढलं तर ते थेट फुप्फुसात जातं. काकूंना ३ सेंटिमीटर, २ सेकंद जमलं. म्हणजे एका श्वासात जेमतेम चार अक्षरं.

त्या पहिल्या दिवशी नाक दाबलेलं सोडल्यावर मी त्यांना फक्त असे शब्द दिले ज्यांना तोंडात दाब लागत नाही: स्वर, ह, य, न. आई, हो, नाही, या, येऊ. दुपारी यजमान आले तेव्हा काकूंनी नाक न दाबता, कुणाची मदत न घेता म्हटलं, “अहो, या ना.” एकही अक्षर गळालं नाही. यजमान तिथेच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ त्यांना काही बोलता येईना.

आवाज आला, की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “आता चमचाभर चहा देऊ का?” नाही. बोलणं आणि गिळणं यांना नसा बऱ्याच अंशी त्याच लागतात, पण एक जमलं म्हणून दुसरं जमतं असं नाही. घशात गेलेलं पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला न येणं या रुग्णांत होऊ शकतं. नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी झाल्यावर, सुरुवात घट्ट दह्यासारख्या पदार्थानं, पातळ चहा-पाणी सगळ्यात शेवटी.

फुगे फुगवणं, शंख फुंकणं, मेणबत्ती विझवणं हे व्यायाम मी सुचवत नाही. फुंकताना टाळूचा पडदा जसा चालतो तसा बोलताना चालत नाही, त्यामुळे एकाचा सराव दुसऱ्याला फारसा लागू पडत नाही. बोलणं सुधारायचं तर सराव बोलण्याचाच हवा. शिवाय जीबीएसमध्ये नुकत्याच सावरणाऱ्या स्नायूंना दमवलं तर ताकद उलट घटते. काकूंची सत्रं दहा-दहा मिनिटांची, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आदल्या दिवसापेक्षा खाली गेला, तर सराव निम्मा करायचा, असा नियम मुलाला लिहून दिला होता.

सरावासाठी पोहणाऱ्यांची नाकाची चिमटी वापरली, तीही फक्त सत्रापुरती. वाक्यं श्वासाप्रमाणे तोडून लिहिली: “उद्या / किती डबे / हवेत?” प्रत्येक तिरक्या रेघेवर श्वास. ऐकणाऱ्यासाठी आणखी एक युक्ती होती. बोलताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तक्त्यावर बोटानं दाखवायचं. हाताची बोटं सावरू लागल्यावर हे जमलं. त्यानं बोलण्याची गती आपोआप कमी होते आणि ऐकणाऱ्याला अर्धा शब्द आधीच कळतो. नातेवाइकांना न समजणारी वाक्यं यामुळे त्याच दिवसापासून समजू लागली.

टाळू वर उचलून धरणारी अॅक्रिलिकची पट्टी दंतवैद्य बनवतात. ती लावू का, असं कुटुंबानं विचारलं. नसा अजून सुधारत असताना ती घाईनं करू नये. पडद्याची हालचाल महिन्या-महिन्याला बदलते आणि पट्टी पुन्हा पुन्हा घडवावी लागते. नसेवरचं मायलिनचं आवरण तुलनेनं लवकर भरून येतं, पण आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीनं वाढतो. काकूंच्या बाबतीत थांबणं योग्य ठरलं, पट्टी लागलीच नाही.

नळी निघाली, छिद्र भरलं. ‘ब’ आणि ‘द’ आधी परतले, ओठ दोन्ही बाजूंनी पुरते सावरायला जास्त काळ लागला. ‘ळ’ सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी जिभेचं टोक मागे वळवावं लागतं आणि बारावी नस अजून मागे होती. “पोळ्या” ऐवजी “पोल्या” काही महिने चाललं, आणि डब्यांच्या गिऱ्हाइकांना ते नीट कळत होतं, म्हणून त्यावर सरावाचा वेळ घालवला नाही. त्याऐवजी फोनवरचे आकडे घेतले. फोनवर ओठ दिसत नाहीत, त्यामुळे “साठ” आणि “आठ” यांची सरमिसळ व्हायची. काकू आता आकडा म्हणून झाल्यावर “सहा, शून्य” असे अंक सुटे सांगतात. संध्याकाळी सहानंतर आवाज दमतो, तेव्हाचे फोन बाबू घेतो.