तुम्ही विचारलंत म्हणून: टॅलनफ्लेम घसरला का?

“गेल्या गेममध्ये ज्याची सगळ्यांना धास्ती होती, तो पोकेमॉन आता खाली कसा?” हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुतेक वेळा त्यात नाव टॅलनफ्लेमचं असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. स्मोगन या स्पर्धात्मक पोकेमॉन खेळणाऱ्यांच्या संकेतस्थळाच्या ओयू, यूयू, आरयू (वरून खाली) या पायऱ्या ताकदीच्या नाहीत, वापराच्या आहेत. 15 लढतींत एखादा पोकेमॉन निदान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असेल, तर तो त्या पायरीचा. हिशोब केला की 4.52 टक्के वापर निघतो. 4.6 वरून 4.4 वर आला की उतरला, ताकद तिळभरही कमी न होता. माणसं ठरवतात ते फक्त बंदीचं. कुणी फारच डोईजड झाला की त्याची रवानगी उबर्समध्ये, म्हणजे ओयूत बंदी असलेल्यांच्या गटात.

आता टॅलनफ्लेम. त्याचा मूळ अटॅक 81, म्हणजे बेताचाच. 2013 च्या एक्स आणि वाय या गेममध्ये (सहावी पिढी) त्याला खरं बळ दिलं ते गेल विंग्ज या ॲबिलिटीने, म्हणजे अंगभूत गुणाने: फ्लाइंग प्रकारचा कुठलाही मूव्ह (डाव) प्रायॉरिटीने, म्हणजे समोरच्याच्या साध्या मूव्हच्या आधी. 120 पॉवरचा ब्रेव्ह बर्ड आधी बसणार म्हटल्यावर समोरच्याचा वेग कितीही असो, काय उपयोग? एचपी, म्हणजे जीवशक्ती, भरून काढणारा रूस्टही फ्लाइंगच, त्यामुळे मार खाण्याआधीच अर्धं एचपी परत.

2016 च्या सन आणि मूनमध्ये अट आली: एचपी पूर्ण भरलेलं असेल तरच. वाचायला किरकोळ वाटते, पण खेळून बघा. फायर आणि फ्लाइंग असल्याने स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला इजा करणारे, मैदानात पेरलेले दगड) पडलेले असतील तर मैदानात पाऊल टाकताच त्याचं निम्मं एचपी जातं. रॉक नसले तरी पहिल्याच ब्रेव्ह बर्डच्या रिकॉइलने, म्हणजे दिलेल्या नुकसानाच्या एक तृतीयांश इतक्या स्वतःला बसणाऱ्या फटक्याने, तो स्वतःच स्वतःची ॲबिलिटी बंद पाडतो. आणि जखमी झाल्यावर रूस्टलाही प्रायॉरिटी उरत नाही, नेमकी गरज असते तेव्हाच! अटॅक तोच 81, वेगही तोच 126, पण ओयूतली जागा गेली. 2019 च्या स्वोर्ड आणि शील्डमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स (अशा सापळ्यांपासून वाचवणारी, पोकेमॉनने धरायची वस्तू) आले आणि रॉकचा त्रास मिटला. पण बूट्स घातले की अटॅक वाढवणारा चॉइस बँड धरायला हात रिकामा नाही, म्हणजे जुना दणका गेलाच.

काही जण तर दुसऱ्यांच्या जिवावर चढतात. पॉलिटोड या पोकेमॉनकडे एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पाचव्या पिढीत, म्हणजे एक्स आणि वायच्या आधीच्या गेममध्ये, त्याला ड्रिझल ही ॲबिलिटी मिळाली: तो आला की पाऊस, आणि तोही दुसरं हवामान येईपर्यंत न थांबणारा. वॉटर मूव्ह दीडपट, हरिकेन आणि थंडर हे मूव्ह हमखास लागणारे, स्विफ्ट स्विम ही ॲबिलिटी असलेल्यांचा वेग दुप्पट. शेवटी ओयूत ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकाच टीममध्ये नेण्यावर बंदी आली. मारणारे वेगळेच, हा नुसता नळ उघडणारा.

सहाव्या पिढीत तो पाऊस 5 टर्नवर आला, डॅम्प रॉक ही वस्तू धरली तर 8. पॉलिटोड ओसरला. सातव्यात तेच ड्रिझल पेलिपर या पोकेमॉनला मिळालं. पेलिपर पाऊस पाडून यू-टर्नने, म्हणजे मारून लगेच बाहेर पडत, मारेकऱ्याला आत आणतो आणि पुन्हा आल्यावर रूस्टने सावरतो. पॉलिटोडला यू-टर्नही येत नाही आणि रूस्टही.