दुकान त्यांचे, वर्गणी आपली

1 मार्च 2024 रोजी गूगलने प्ले स्टोअरवरून भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम यांसारखी अनेक भारतीय अॅप्स हटवली, आणि केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांतच ती परत आली. वाद सेवाशुल्काचा होता. अॅपमधल्या डिजिटल खरेदीवर गूगल साधारणपणे 15 ते 30 टक्के घेत असे. हे पैसे गूगलच्याच देयकपद्धतीतून भरण्याच्या सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

त्यानंतर ग्राहकाला पर्याय मिळाला खरा, पण तो नीट पाहण्यासारखा आहे. पैसे भरताना पडद्यावर दोन मार्ग दिसतात, एक गूगलचा आणि दुसरा अॅपचा स्वतःचा. मात्र दुसरा निवडला तरी गूगलचे शुल्क फक्त 4 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे 15 चे 11 किंवा 30 चे 26, आणि पैसे स्वीकारण्याचा खर्च अॅपवाल्याच्या माथी येतो. याला सवलत म्हणणे मला धाडसाचे वाटते.

स्टोअर चालवायला, सुरक्षा तपासायला पैसा लागतो, हे गूगलचे म्हणणे रास्तच आहे. पण बहुतांश फोन अँड्रॉइडवर चालणाऱ्या देशात ‘नको असेल तर दुसरीकडे जा’ हे उत्तर पुरत नाही. मार्च 2025 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो दंड 216.69 कोटींवर आणला. वर्गणीत मिसळलेले हे शुल्क मात्र ग्राहकाच्या पावतीवर वेगळे दिसत नाही.