मनगटावरचा ऊद

4 ऑक्टोबर, शनिवार

भाच्याने फ्रान्समधल्या ल्योंहून पाठवलेलं पाकीट आज एकदाचं हातात पडलं. आत करंगळीएवढी कुपी, 2 मिलीची. सर्ज ल्युतांस या फ्रेंच अत्तरघराण्याचं 'आंब्र सुल्तान' हे अत्तर ('आंब्र' म्हणजे अंबर). सोबत चिठ्ठी: "मावशी, आधी लावून बघ. आवडलं तर दिवाळीला येताना मोठी बाटली आणतो. 12 तारखेपर्यंत कळव." 50 मिलीच्या बाटलीची किंमत रुपयांत 13,000 च्या घरात जाते. पैसे मी द्यायचे, हे आधीच ठरलंय. आरडी मागच्याच महिन्यात सुटली. तरीही अंगाला लावायच्या वासावर एवढे पैसे मी आजवर कधी घातलेले नाहीत, म्हणून हा आठवडा लिहून ठेवते.

आज फक्त कागदाच्या पट्टीवर मारून पाहिलं. अंबर म्हणजे गोडमिट्ट, जड काहीतरी असणार, अशी माझी समजूत होती. पहिला वास आला तो तमालपत्राचा. मागोमाग ओव्याचं पान बोटांत चुरडल्यासारखा, हिरवा आणि जरा उग्र. (यात ओरेगानो आहे म्हणे. ओव्याशी त्याचं वासाचं नातं जवळचं आहे, त्यामुळे नाकाने चूक केली नाही.) गोडवा अर्ध्या तासाने आला, तोही दबक्या पावलांनी.

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

सकाळी ऑफिसला जाताना तीन फवारे मारले आणि पस्तावले. ऑक्टोबर हीट, ठाण्याहून सुटलेली भरगच्च लोकल, लेडीज डब्यात खांद्याला खांदा. अंगाची उष्णता वाढली तसा वास फुगत गेला. मुलुंड येईपर्यंत मलाच घुसमटायला झालं, आणि शेजारच्या मुलीने तोंड खिडकीकडे वळवलं. माझ्या हौसेचा त्रास तिने का सोसावा? हे अत्तर आंब्याच्या दिवसांत आणि आत्ताच्या या दिवसांत दिवसाढवळ्या लावायचं नाही, हे आजच पक्कं झालं.

ऑफिसात एकीने विचारलं, "अंबर म्हणजे ती व्हेलची उलटी ना? रत्नागिरीकडे पकडतात ती?" नाही. ती अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दागिन्यातला पिवळा अंबर निराळा, तो झाडाची जीवाश्म झालेली राळ. अत्तरातला अंबर हा या दोन्हींपैकी कुणीच नाही. मुळात तो एक पदार्थच नाही, तो मेळ आहे: लॅब्डेनम, बेन्झॉइन नावाची राळ आणि व्हॅनिला.

त्यातलं लॅब्डेनम मला फार आवडलं, म्हणजे त्याची हकीकत. भूमध्य समुद्राच्या काठी सिस्टस नावाची झुडपं असतात. उन्हात त्यांच्या पानांना चिकट राळ सुटते. बोकडांच्या दाढीला चिकटलेली ही राळ गोळा करतात, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. क्रीट बेटावर चामड्याच्या पट्ट्या लावलेलं दाताळं भर दुपारी झुडपांवरून फिरवायचे आणि पट्ट्यांना लागलेली राळ खरवडून काढायचे. तिसरा गडी व्हॅनिला. त्याचा वास देणारं व्हॅनिलिन 1874 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत बनलं आणि हा गोडवा अत्तरवाल्यांच्या आवाक्यात आला. गेरलां या फ्रेंच कंपनीचं 1925 चं 'शालिमार' हे अत्तर याच वाटेवरचं. अशा वासांच्या घराण्याला कालपरवापर्यंत 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, म्हणत. 2021 मध्ये अत्तरांचे अभ्यासक मायकेल एडवर्ड्स यांनी आपल्या वर्गीकरणात त्याचं नाव बदलून 'अंबर' केलं. बरं केलं. निम्म्या जगाला एका बाटलीत कोंबणारा तो शब्द मला खटकायचाच.

रात्री गच्चीवर मसाला दूध. वारा सुटला होता. सकाळचा वास मनगटावर चौदा तासांनी अजून होता, पातळ आणि उबदार झालेला. दुधातल्या जायफळाशी त्याचं इतकं जमलं की मी पेला आणि मनगट आळीपाळीने नाकाशी नेत बसले. सकाळचं आणि हे अत्तर एकच, यावर विश्वास बसेना.

9 ऑक्टोबर, गुरुवार

काल मुद्दाम वाट वाकडी करून मोहम्मद अली रोडला गेले. अत्तराच्या एका छोट्या दुकानातून अंबर आणि शमामा, दोन्ही अगदी थोडं थोडं घेतलं. सगळे मिळून पाचशेही लागले नाहीत. आज संध्याकाळी डाव्या मनगटावर फ्रेंच कुपीतला एक फवारा, उजव्यावर अंबरचा फाया. अंबर छान, गोड आणि सरळ. पण सातला जे होतं तेच दहाला. शमामा मात्र तोलामोलाचा निघाला. कनौजची ही चीज कितीतरी मसाले आणि मुळ्या एकत्र शिजवून करतात. तिची खोली महागड्या बाटलीला भारी पडते, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या अंगावर तो जरा जास्तच गंभीर वाटतो, इतकंच.

आणि मग सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गुरुवारचा ऊद घातलास का गं?"

मी जागच्या जागी उभी राहिले. शनिवारपासून मी हा वास ओळखायला धडपडत होते. अत्तरवाल्यांच्या भाषेत बेन्झॉइन म्हणतात तो हाच, आपल्या धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकायचा ऊद. (अरबी 'ऊद' म्हणजे अगरू, ते लाकूड. आपला मराठी ऊद ही राळ.) पण मला जे छळत होतं ते नुसत्या उदाने सुटत नव्हतं. ऊद आणि ओवा. दोन्ही एकत्र कुठे?

धुरी! ताईच्या बाळंतपणातली धुरी.

1998 चा पावसाळा, सांगलीचं घर. मी एकोणीस वर्षांची. मधल्या खोलीत बाज, बाजेखाली शेकाची शेगडी. संध्याकाळी बाळाची अंघोळ झाली की आजी निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि शेवटी उदाचा खडा टाकायची. खडा आधी वितळायचा, मग त्याला बुडबुडे यायचे आणि पांढरा धूर उठायचा. आजी टोपडं, दुपटी, ताईचे ओले केस, सगळं त्या धुरावर धरायची. ओला पाऊस बाहेर आणि आत ही कोरडी, कडवट-गोड ऊब. ते बाळ आज ल्योंहून मला विचारतंय, आणू का म्हणून.

या अत्तराची जन्मकथा ल्युतांसच्या घराण्यात अशी सांगतात: बाजारातून आणलेलं सुगंधी मेण बरणीत विसरून राहिलं होतं, त्याच्या वासावरून हे सुचलं. मग त्या अंबराला वनस्पतींची जोड दिली. आमच्याकडे हे काम आजी रोज दिवेलागणीला करत होती.

11 ऑक्टोबर, शनिवार

आज काहीच लावलं नाही. हिशेब मांडला. फवारा 0.1 मिलीचा धरला तर बाटलीत 500 फवारे, म्हणजे एकेक सव्वीस रुपयांना. मी लावणार पावसाळ्यात आणि थंडीत, संध्याकाळीच, एकच फवारा. वर्षाला ऐंशी धरले तरी बाटली सहा वर्षं पुरेल. म्हणजे महाग म्हणता येत नाही. पण शमामाही सहा वर्षं पुरेल, आणि धुरीचं सामान काष्ठौषधीच्या दुकानात पन्नास रुपयांत मिळतं.

मग 13,000 कशाचे? धुरी मी घरात केली तर धूर होतो, डोळे चुरचुरतात आणि दहा मिनिटांत सगळं संपतं. इथे तीच खोली आठ-दहा तास माझ्या मनगटावर हळूहळू बदलत राहते. आधी ओवा, मग धूर, मग न्हाऊन दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या टाळूजवळ येतो तसा मऊ गोडवा. हा शेवटचा टप्पा मला शमामात मिळाला नाही. संध्याकाळी साडेसातला, काहीही लावलेलं नसताना, मी दोनदा मनगट नाकाशी नेलं.

12 ऑक्टोबर, रविवार

सकाळी कळवलं: "आण. 50 चीच, त्याहून मोठी नको."

त्याचा लगेच फोन. "मावशी, आईलाही आवडेल का गं? तिच्यासाठी पण घेऊ?" मी म्हटलं, थांब.

कुपीत अजून पाच-सहा फवारे असतील. ताई उद्या फराळाची भाजणी द्यायला येणार आहे. तिला आधी काहीच सांगणार नाही, फक्त हात पुढे कर म्हणेन.