चिठ्ठी वाटायच्या आधीच निकाल
आयोवा, अमेरिका, १५ जानेवारी २०२४. हाडं गोठवणाऱ्या थंडीत शेजारच्या आजोबांबरोबर रिपब्लिकन कॉकस बघायला गेले, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा यावर गावकऱ्यांनी जमून मत द्यायची सभा. मला मत नाही, मागच्या खुर्चीत नुसती बसले. ट्रम्प, डिसँटिस, हेली, प्रत्येकासाठी गावातलंच कुणीतरी उठून बोलत होतं. हेलींसाठी बोलणाऱ्या बाईंचा आवाज कापत होता. चिठ्ठ्या वाटायच्या होत्या, तेवढ्यात फोनवर बातमी: ट्रम्प जिंकले! फार वाईट वाटलं. एवढ्या बर्फातून आलेल्यांना आधी मत तरी टाकू द्या! इथेच २०१२ मध्ये रोम्नी जिंकले म्हणून सांगितलं, आणि दोन आठवड्यांनी सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले.

रात्री आकडे आले. ट्रम्प ५१ टक्के, डिसँटिस २१, हेली १९. बातमी कळल्यावरही आजोबांनी चिठ्ठीवर हेलींचंच नाव लिहिलं, सावकाश, ठळक अक्षरात.